आधी पत्ता, मग श्वास

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. पुढच्या सोमवारपासून तू १०८ रुग्णवाहिकेच्या कॉलवर बसणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला आणि रात्री झोपही लागली नाही. मी दुसऱ्या एका कक्षात हेच काम बरीच वर्षं केलं. तुला प्रशिक्षणात स्क्रीन, कोड आणि फॉर्म नीट शिकवतील. मला सांगायचंय ते कानाबद्दल.

पहिला प्रश्न पत्ता, दुसरा फोन नंबर. समोरचा 'माणूस मरतोय' म्हणून ओरडत असला तरी क्रम बदलायचा नाही. लाइन तुटते, बॅटरी संपते, रडणाऱ्याच्या हातून फोन पडतो. पत्ता हाती असला तर निदान गाडी तरी निघते. आणि नुसत्या गावाच्या नावावर थांबू नकोस. 'वडगाव' म्हटलं तर एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई आहे. तालुका विचार. बुद्रुक की खुर्द ते विचार. वस्ती कुणाच्या नावाची ते विचार. लोक 'मारुतीच्या देवळाजवळ' म्हणतात, पण मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नाही? शाळा, दूध डेअरी, पाण्याची टाकी, उभं राहून समोर काय दिसतंय ते वदवून घे. रात्र असेल तर घरातल्या कुणाला तरी बॅटरी घेऊन रस्त्यावर पाठव. हायवेचा अपघात असेल तर किलोमीटरचा दगड आणि गाडीचं तोंड कुठल्या गावाकडे आहे, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

पत्ता झाला की दोनच गोष्टी: हाक मारल्यावर उठतात का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का. बाकी सगळं यानंतर. दुसऱ्या प्रश्नातला 'नेहमीसारखा' हा शब्द कधी गाळू नकोस. मी एकदा गाळला होता.

काम सुरू करून चारेक महिने झाले असतील. पहाटेची वेळ. एका बाईंचा फोन आला, आवाज अगदी हळू, शेजारच्यांना त्रास नको अशा बेताचा. "हे उठत नाहीयेत." मी विचारलं, "श्वास चालू आहे का?" त्या म्हणाल्या, "हो, घोरतायत ना." मी 'श्वास चालू' लिहिलं आणि कॉल दुसऱ्या, कमी घाईच्या पायरीवर टाकला. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर एक माणूस आरडाओरडा करत होता, भावाचं डोकं फुटलंय, रक्त थांबत नाही. जवळची गाडी तिकडे गेली. डोक्याला चार टाके पडले, तो भाऊ स्वतः चालत गाडीत चढला. त्या बाईंच्या घरी गाडी पोचली तेव्हा उशीर झाला होता. गाडीतल्या डॉक्टरांनी कक्षात फोन करून एवढंच विचारलं, "घोरणं किती वेळाने येत होतं, विचारलं होतंस का?"

मी विचारलं नव्हतं. ते घोरणं नव्हतंच. हृदय थांबल्यावर काही मिनिटं शरीर असे आचके देतं: मध्येच एक घरघर, मग काही नाही, मग पुन्हा एक. घरच्यांना तो श्वास वाटतो. कुणी घोरणं म्हणतं, कुणी उसासा, कुणी 'मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं करतायत' म्हणतं. त्यानंतर मी पद्धत बदलली. सांगायचं, "त्यांच्या छातीकडे बघा आणि श्वास आला की मला 'आला' म्हणा." आणि घड्याळ बघायचं. दोन 'आला'मध्ये दहा सेकंद गेली तर पुढचा शब्द ऐकायला थांबू नकोस. छाती दाबणं सुरू करून घे. छातीवर दाब न देता जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं, आणि गाडी काही मिनिटात येतेच असं नाही. तोवर रुग्णापाशी पोचलेला तुझा आवाजच असतो.

म्हणून ते बोलणं तोंडपाठ कर. खाटेवरून खाली जमिनीवर घ्या, कारण खाट दाबाबरोबर खाली जाते. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. आणि तू मोठ्याने मोज, "एक, दोन, तीन, चार", त्यांच्याबरोबर, गाडी दारात येईपर्यंत. समोरचा घाबरून जागचा हलत नसेल तर 'शांत व्हा' म्हणू नकोस, त्याने कुणी शांत होत नाही. नातं लाव, काका म्हण, दादा म्हण, आणि तेच वाक्य त्याच आवाजात परत म्हण: "काका, हात छातीवर ठेवा, आपण त्यांना मदत करू शकतो." तीनदा, चारदा. शब्द बदललेस तर त्याला नवीन काहीतरी ऐकू येतं आणि तो पुन्हा गोंधळतो.

प्रश्नांची रांग आणि पायऱ्या ठरवण्याची ही रीत अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कार्डांवर लिहून काढली. आज जगभर तिच्या नाना आवृत्त्या चालतात. कार्ड का लागलं, हे तुला पहिल्या आठवड्यातच कळेल. मोठ्या आवाजामागे धावायचं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि या कामात तोच फसवतो. जो ओरडतोय त्याच्या छातीत निदान हवा आहे.

लोकांची भाषाही ऐकायला शीक. 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे लकवा. तेव्हा तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येतो का, बोलणं अडखळतंय का ते विचार, आणि शेवटचे धडधाकट कधी दिसले ती वेळ लिहून घे. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठण्यासाठी ती वेळ सोन्यासारखी आहे. 'पोराने डोळे फिरवले' म्हणजे बहुधा झटका. 'बाईचं पाणी गेलं' म्हटलं की पहिला प्रश्न, बाळाचं डोकं दिसतंय का.

पावसाळ्यातला एक कॉल तुला मुद्दाम सांगते, कारण फॉर्मवर तो अगदी साधा दिसतो. पहाटे पोटात दुखतंय, घरचे म्हणतात पित्त झालं असेल. तू विचार: रात्री झोपले कुठे होते? जमिनीवर? आता डोळे पूर्ण उघडतात का? थुंकी गिळता येते का? मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दुखत जवळजवळ नाही, खूणही सापडत नाही, आणि सकाळी पापण्या जड होतात. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. 'पोटदुखी' म्हणून खालच्या पायरीवर गेलेला तो माणूस व्हेंटिलेटर असलेल्या गाडीचा हक्कदार आहे. दोरी आवळू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका, हातपाय हलवू देऊ नका, हे सांगत राहा.

'प्रश्न काय विचारत बसलात, गाडी पाठवा!' हे तू रोज ऐकशील. त्यांचं चुकत नाही. प्रश्नांमुळे गाडी अडली आहे असं त्यांना वाटतं. पत्ता मिळून गाडी सुटली की लगेच सांग, "गाडी निघाली, मी विचारतेय त्याने तिला उशीर होत नाही." पण 'पाच मिनिटांत पोचते' असं कधीच म्हणू नकोस.

पुढे तू डिस्पॅचला, म्हणजे कुठली गाडी कुठे पाठवायची ते ठरवायला, बसशील तेव्हा हिशेब आणखी कठीण होईल. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर: २३३ प्रगत, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ मूलभूत. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. म्हणजे एका गाडीमागे जवळपास एक लाख वीस हजार माणसं. तेव्हा एक गाडी आणि दोन कॉल, ही वेळ येणार. गाडी पाय मोडलेल्याकडे निघाली आहे आणि वाटेत श्वास थांबलेल्याचा कॉल आला, तर गाडी वळव. शेजारी डॉक्टर बसलेले असतात, त्यांना विचार, पण वळव. आणि मग स्वतः फोन उचलून त्या पहिल्या माणसाला खरं सांग, की गाडी दुसरीकडे वळवली आहे, दुसरी पाठवतेय, तोवर पाय हलवू नका. तो चिडेल, बोलेल. ऐकून घे. हा फोन दुसऱ्यावर ढकलणारे मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही.

आणखी एक. हायवेवर बस उलटली की त्याच जागेचे वीस फोन येतात. सतराव्या फोनपर्यंत आपण 'हो हो, गाडी पाठवलीय' म्हणून ठेवायला लागतो. त्या वीसांत एक फोन बसचा नसतो. म्हणून प्रत्येकाला निदान 'काय झालंय' एवढं विचारायचंच.

वाईट कॉल झाला की उठून पाणी पी, दोन मिनिटं बाहेर उभी राहा, मग बस. त्या बाईंचा हळू आवाज मला अजून ऐकू येतो. तो गेला नाही, आणि त्यानेच माझ्याकडून पुढचे कितीतरी 'आला' मोजून घेतले.

रविवारी घरी ये. येताना तुमच्या तालुक्याचा नकाशा आण आणि एकाच नावाची जेवढी गावं आहेत त्यांची यादी करून आण. नदीच्या अलीकडचं कुठलं, पलीकडचं कुठलं, पावसात कुठला पूल पाण्याखाली जातो, ते स्टँडवरच्या एसटी ड्रायव्हरला विचार, त्यांना ठाऊक असतं. जेवण झालं की मी फोन करणारी बाई होईन. पत्ता सांगणार नाही, नुसती रडेन. तू काढून घे.

तुझी,
मावशी