जुन्या कपड्यांच्या वस्तू करून खरंच काही वाचतं का, की हे नुसतं शहरी फॅड आहे? घरात दोन पोती कपडे साठलेत, त्यांचं काय करू?

मी परभणी जिल्ह्यात सेलूला वीसेक वर्षं शिलाईकाम करते. ब्लाउज-फॉलवर घर चालतं आणि उन्हाळ्यात गोधड्या. त्यामुळं तुमच्या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून मोकळं व्हायला जीभ रेटत नाही.

आधी फॅडचं सांगते. ‘अपसायकलिंग’ हा शब्द मी पहिल्यांदा पुतणीच्या तोंडून ऐकला. ती संभाजीनगरला डिझाइन शिकते. कॉलेजच्या कामासाठी जुन्या साड्या मागायला आली आणि माझ्या सासूबाईंना समजावत बसली, की आजी, जुनं कापड टाकायचं नाही, त्याचं नवं काहीतरी करायचं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजी दंड घालायचा की. त्याला कालेजात कशाला जावं लागतं माय?”

दंड घालणं आता कुणाला माहीत नसेल. नऊवारी लुगडं उठ-बस करून मधेच विरतं, दोन्ही टोकं मात्र धड राहतात. मग विरलेला भाग कापून टाकायचा, दोन धड तुकडे जोडायचे आणि पुन्हा नेसायचं. सासूबाईंनी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दंड घातलेलं एकच लुगडं दीड वर्ष नेसलं. त्यांच्यासाठी हे पर्यावरण नव्हतं, नाइलाज होता, आणि हे मी मुद्दाम लिहिते. गरिबीत केलेली काटकसर आता आपण फार गोड करून सांगतो.

पण ती पद्धत मात्र हुशारीची होती. लुगडं दंड घालूनही फाटलं की त्याची लेकराला झोळी व्हायची. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं, म्हणून बाळाची दुपटी-टोपडी जुन्याच मऊ सुती कापडाची. मग गोधडी. तीही झिजली की फेकायची नाही, तिच्यावर दोन नव्या-जुन्या साड्यांची पानं चढवून पुन्हा टाके घालायचे. मागच्या वर्षी एका बाईनं तिच्या आजेसासूची वाकळ दुरुस्तीला आणली. पान उसवलं तर आत दुसरी गोधडी, तिच्या आत धोतराचे पट्टे आणि एका बाजूला लेकराची अख्खी कुंची तशीच घातलेली. उसवायचं थांबवलं आम्ही. वरून नवं पान घातलं आणि दिली.

आता फायदा. इंटरनेटवर एक आकडा सगळीकडं फिरतो: एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. मराठवाड्यातला माणूस हा आकडा वाचला की लगेच लातूरचा हिशेब करतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर. म्हणजे ती अख्खी गाडी १८५ टी-शर्टांत संपली! ऐकायला भारी वाटतं, पण हा हिशेब जरा फसवा आहे. त्या २,७०० लिटरांत रानावर पडलेला पाऊसही धरलेला असतो, आणि आमच्याकडचा बराचसा कापूस कोरडवाहूच आहे. तो पाऊस टी-शर्ट न घेतल्यानं तुमच्या नळाला येणार नाही. रंगाई-धुलाईचं पाणी वेगळं. ते खरंच नासतं, आणि जिथं रंगवतात तिथल्या नदी-नाल्याचं नासतं.

आमच्या भागात कापसाची खरी किंमत दिसते ती फवारणीत आणि वेचणीत. विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७मध्ये फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच साली गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडची पऱ्हाटी उभीच्या उभी वाया घालवली. वेचणीला मी स्वतः गेलेली आहे. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात, वाकून कंबर धरते, आणि मजुरी किलोवर. क्विंटलभर कापसातून जिनिंगला रुई निघते ३४-३५ किलो, बाकी सरकी. म्हणजे पाव किलोचा सुती शर्ट म्हटला की पाऊण किलो कापूस कुणीतरी वाकून वेचलेला असतो. मला तरी शर्ट फेकताना पाण्यापेक्षा हे आधी आठवतं.

जगाचं म्हणाल तर दरवर्षी सुमारे ९ कोटी २० लाख टन कापडाचा कचरा होतो असं संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण संस्था सांगते, आणि जुन्या कपड्याचा धागा काढून पुन्हा कपडाच करण्याचं प्रमाण एक टक्काही नाही. कारण साधं आहे. सूत, पॉलिस्टर, लायक्रा एकाच कापडात विणलेलं असतं, ते वेगळं करायचं म्हणजे डोकेदुखी. आणि धागा पिंजला की आखूड होतो, कमजोर होतो. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून स्वस्त ब्लँकेटं होतात, ती या आखूड धाग्याचीच. गोधडीत ही भानगडच नाही, कापड मोडायचं नाही, आहे तसंच वापरायचं.

तरी खरं वाचतं ते कधी? तुमच्या वस्तूमुळं एखादी नवी वस्तू विकत घ्यायची टळली तर. हे कुणी सांगत नाही म्हणून ठासून लिहिते. पुतणीनं जुन्या जीन्सची पिशवी शिवली. त्यासाठी नवं अस्तर आणलं, नवी चेन, नवे मणी, आणि पिशवी दाराच्या खिळ्याला टांगली. बाजारात ती प्लास्टिकची पिशवीच घेऊन जाते. अशा पिशवीनं कुणाचं काही वाचलं नाही, उलट खर्चच वाढला. त्याउलट घरात चार गोधड्या असल्या की चार मिंक ब्लँकेटं येत नाहीत. ती ब्लँकेटं पॉलिस्टरची, म्हणजे मुळात खनिज तेलाची. धुतली की बारीक तंतू पाण्याबरोबर जातात, टाकली तर कुजत नाहीत, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी कचरा डेपोला आग लागते तेव्हा तोच धूर नाकात जातो.

माणसांच्या फायद्याचं सांगायचं तर आमच्याकडं गोधडी शिवायला येतात त्यातल्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. रानातलं काम झेपत नाही, मशीनवर पाय चालत नाही, पण हातात दाभण आणि दोरा दिला की बोटं आपोआप चालतात. दुपारी समाजमंदिरात सतरंजी अंथरायची, कापड ताणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, चौघी चार बाजूंनी बसून कडेपासून मधाकडं धावदोरा घालत यायचं. एका गोधडीला आठ-दहा दिवस जातात, मजुरी हजाराच्या आसपास. रोजावर काढाल तर शेतमजुरीपेक्षा कमीच पडते, उगाच उदोउदो नको. पण हा पैसा तिच्या स्वतःच्या हातात येतो. एकीनं त्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, लेकाला मागावं लागलं नाही.

फटकाही बसला आहे. शहरातल्या एका दुकानानं आमच्या पस्तीस गोधड्या नेल्या, ठरलेले पैसे आठ महिने दिले नाहीत. नंतर कुणीतरी फोटो पाठवला, त्याच गोधडीला ‘आजीच्या मायेची ऊब’ अशी चिठ्ठी आणि किंमत साडेचार हजार! आजीला मिळणार होते नऊशे. तेही फोनवर फोन केल्यावर आले. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय सुई उचलत नाही. ‘हाताची, जुन्या कपड्यांची’ म्हणून महाग वस्तू घेताना शिवणारीला किती दिले, एवढं विचारायला लाजू नका.

नीट काम करणारेही आहेत. १९९९मध्ये अंशू गुप्तांनी सुरू केलेली ‘गूंज’ संस्था गावातल्या लोकांनी विहीर-रस्त्याची कामं केली की मोबदल्यात कपडे देते, भीक म्हणून नाही. सुती कापडाचे पाळीसाठी पॅडही करते. गुप्तांना २०१५मध्ये मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी.

आता तुमची दोन पोती. अंगावर घालण्यासारखे धड कपडे आधी बाजूला काढा आणि ओळखीतल्या कुणाला तरी विचारून द्या, गेटवर ठेवून पळू नका. बोहारीण येत असेल तर तिला द्यायला काहीच हरकत नाही. बोहारणी फाटकं सांधून बाजारात विकतात, म्हणजे स्टीलच्या डब्यावर हसणाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून त्या हेच करतात. उरलेल्यातल्या सुती साड्या, धोतरं, चादरी, बनियन गोधडीला. सिंथेटिक साडी वरच्या पानाला चालते, लवकर फाटत नाही, पण आत भरू नका, घाम शोषत नाही. लायक्राची जीन्स आम्ही घेत नाही, दाभण मोडतो आणि ताणून शिवलेलं पुन्हा आकसतं. तिचे पाय कापून दळणाची पिशवी शिवा. पक्का रंग नसलेलं कापड आधी वेगळं धुऊन रंग जायचा थांबला का ते बघा, नाहीतर घट बसायच्या आधी धुणं काढाल तेव्हा अख्खी गोधडी लालभडक होईल. माझी झालेली आहे. बटणं, हूक, चेन कापून डब्यात ठेवा, वर्षभर पुरतात.

आणि खिसे तपासा. गेल्या उन्हाळ्यात एका सदऱ्याच्या खिशात पाचशेची जुनी नोट निघाली, २०१६ला बंद झालेली. मालकिणीला विचारलं तर म्हणाली, “त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवली असंल. राहू द्या आतच.” शिवून टाकली.