मेलाटोनिन : कोणती गोळी, किती आणि केव्हा?

प्रश्न : वय ७१. अंथरुणावर पडून तास होतो तरी झोप लागत नाही. मेलाटोनिनची, म्हणजे झोपेची वेळ सांगणाऱ्या संप्रेरकाची, साधी गोळी घ्यावी की हळूहळू विरघळणारी?

उत्तर : झोप लागायलाच उशीर होत असेल, तर साधी गोळी पुरते. ती रक्तात पटकन चढते आणि पाऊण तासाच्या आसपास तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, झोपायच्या तासभर आधी. दिवे मालवून आडवं झाल्यावर गोळी घेतली, तर तिचा परिणाम सुरू होईपर्यंत तुम्ही कूस बदलत राहता. अपेक्षाही माफक ठेवा : चाचण्यांच्या एकत्रित सरासरीत झोप जेमतेम ७ मिनिटं लवकर लागल्याचं दिसतं.

प्रश्न : झोप लागते, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. तेव्हा अर्धी गोळी घेतली तर?

उत्तर : तीनला मुळीच नको. सकाळी उठाल तेव्हा गुंगी असेल, आणि या वयात तोल जाऊन पडणं फार महागात पडतं. इथे हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी विचारात घेता येते. युरोपात २००७ साली ५५ वर्षांवरील निद्रानाशासाठी तिला मान्यता मिळाली : जेवणानंतर, झोपायच्या एक-दोन तास आधी, जास्तीत जास्त १३ आठवडे. ती अखंड गिळायची. तोडली, चावली किंवा कुटली की तिची रचना मोडते आणि रात्रभर पुरायचं औषध एकदम सुटतं. पण आधी जाग कशाने येते ते पाहा. लघवी, सांधेदुखी किंवा घोरताना श्वास अडकणं, यांवर ही गोळी चालत नाही.

प्रश्न : ३ मिलिग्रॅमने फरक नाही. १० घेऊ का?

उत्तर : नाही. ज्येष्ठांमध्ये ०.३ आणि ३ मिलिग्रॅमची तुलना झाली, तेव्हा कमी मात्रेनेच झोप अधिक सुधारली. ३ मिलिग्रॅमने शरीराचं तापमान उतरलं आणि मेलाटोनिन दिवसाही रक्तात रेंगाळलं. फरक पडत नसेल तर आधी मात्रा उतरवा, गोळी तासभर लवकर घ्या.

प्रश्न : जिभेखालची गोळी किंवा गमी (चघळायची जेलीसारखी गोळी) चालेल का? रक्त पातळ करणारं वारफरिन सुरू आहे.

उत्तर : गिळलेल्या मेलाटोनिनचा बराचसा भाग यकृतातच संपतो. जिभेखालून शोषलेला भाग तो टप्पा चुकवतो, म्हणून दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे धरू नका. गमी मात्र टाळाच. अमेरिकेत २०२३ मध्ये तपासलेल्या २५ गमींपैकी २२ मध्ये मात्रा लेबलशी जुळली नाही. मेलाटोनिन सापडलं त्यांत ती लेबलवरच्या मात्रेच्या ७४ ते ३४७ टक्के निघाली. वारफरिनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) तपासूनच सुरू करा. फ्लुवोक्सामाइन हे नैराश्यावरचं औषध घेत असाल तर मेलाटोनिन घेऊच नका. मेलाटोनिनची रक्तातली पातळी अनेक पटींनी चढते.