डेफ जॅमचा वारसा : जे-झी की पब्लिक एनिमी? माझं उत्तर तिसरंच आहे

तुमचा प्रश्न असा आहे : "डेफ जॅम या हिप-हॉप लेबलचा वारसा सगळ्यात जास्त कोणत्या कलाकाराने घडवला? मित्राशी पैज लागलीय. तो म्हणतो जे-झी, मी म्हणतो पब्लिक एनिमी."

उत्तर आधी देऊन टाकतो. माझ्या मते एलएल कूल जे, आणि त्याच्या मागोमाग डीएमएक्स. तुमचे पब्लिक एनिमी तिसरे. जे-झी त्यानंतर. शिव्या घालायच्या असतील तर खाली जागा आहे, पण आधी वाचून घ्या.

मी अमळनेरला मंडप आणि साउंडचा धंदा करतो. हिप-हॉपशी माझा संबंध कसा आला? तर २००५-०६ साली मी जळगावला आयटीआयला होतो. खोलीच्या खालीच एक गेम पार्लर होतं. दोन प्लेस्टेशन, एक खडखडणारा कूलर, आणि तासाला १० रुपये. तिथे 'डेफ जॅम : फाइट फॉर एनवाय' नावाचा मारामारीचा गेम होता. खरं सांगतो, वर्षभर आम्हाला वाटायचं की डेफ जॅम ही कुस्त्या भरवणारी अमेरिकन कंपनी आहे. मेथड मॅन, रेडमन, गळ्यात घड्याळ घातलेला फ्लेवर फ्लेव, डोळ्यावर पट्टी बांधलेला स्लिक रिक, हे सगळे आमच्या लेखी पैलवान. माझा रूममेट दिन्या कायम स्लिक रिक घ्यायचा आणि कायम हरायचा. हे लोक गाणीसुद्धा म्हणतात हे कळलं ते नंतर, सायबर कॅफेत.

गेममधला सगळ्यात मोठा खलनायक कोण होता? स्नूप डॉग. आणि तो तेव्हा डेफ जॅमचा कलाकारच नव्हता! तुमच्या पैजेतली निम्मी गडबड इथेच आहे. लेबलच्या फोटोत कोण उभं आहे आणि लेबल कोणाच्या खांद्यावर उभं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रन-डीएमसी या रॅप ग्रुपचंच बघा. दहातले आठ जण त्यांना डेफ जॅमचे धरतात. त्यातला रन हा रसेल सिमन्सचा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्यांचा १९८६चा 'रेझिंग हेल' हा अल्बम रसेल आणि रिक रूबिन या डेफ जॅम काढणाऱ्या दोघांनीच घडवलेला. पण रेकॉर्ड निघाली प्रोफाइल या दुसऱ्याच कंपनीकडून. त्यामुळे कोणी त्यांचं नाव पुढे केलं तर तिथेच थांबवा.

आता माझी कसोटी. आमच्या धंद्यात मंडप उभा झाला की पोरगा एकेक खांब हलवून बघतो. काही खांब नुसते झालर धरायला असतात, काढले तरी चालतं. काही काढले की मंडप खाली. डेफ जॅमचा एकेक माणूस मी असाच काढून बघितला.

पहिला खांब म्हणजे १९८४. रूबिन तेव्हा न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीत शिकणारा गोरा पोरगा, रॉक आणि पंकचा वेडा. वाइनस्टीन हॉल नावाच्या हॉस्टेलातली ७१२ नंबरची खोली हेच त्याचं ऑफिस. टी ला रॉक आणि जॅझी जे यांच्या 'इट्स युअर्स' या रेकॉर्डवर त्याने खोलीचा पत्ता छापला आणि पोरांच्या कॅसेटी येऊन पडायला लागल्या. ढीग साचला. तो ढीग उपसत होता बीस्टी बॉइज या ग्रुपमधला ॲड-रॉक, आणि त्याच्या हाताला न्यू यॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या एका १६ वर्षांच्या पोराची कॅसेट लागली. तो पोरगा म्हणजे जेम्स टॉड स्मिथ, आपला एलएल कूल जे. त्याच वर्षी आलेलं त्याचं 'आय नीड अ बीट' ही डेफ जॅमची स्वतःचा क्रमांक घातलेली पहिली रेकॉर्ड. त्या आणि बीस्टी बॉइजच्या डेफ जॅमवरच्या पहिल्या रेकॉर्डच्या बळावर १९८५ साली सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी ६ लाख डॉलरचा करार झाला. हॉस्टेलच्या खोलीची कंपनी झाली ती इथे.

पण मी एलएलला वर ठेवतो तो पहिला होता म्हणून नाही. पहिला तर कोणीतरी असतोच. कारण आवाजाचं आहे, आणि इथे मी जरा लांबण लावणार, माझा विषय आहे.

त्याआधीच्या बऱ्याचशा रॅप रेकॉर्डी ऐका. स्टुडिओतला बँड डिस्कोची चाल वाजवतोय आणि वर पोरं सात-आठ मिनिटं यमकं जुळवतायत. मजा आहे, पण त्याला ना मुखडा ना अंतरा. १९८५च्या एलएलच्या 'रेडिओ' अल्बममध्ये रूबिनने सगळं काढून टाकलं. ड्रम मशीन, थोडं स्क्रॅचिंग (रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून काढलेला आवाज), कुठेतरी गिटारचा एक तुकडा आणि पोराचा आवाज. रॉकच्या गाण्यासारखी कडवी आणि ध्रुवपद पाडलं. कव्हरवर तर निर्माता म्हणून लिहायच्या ठिकाणी 'रिड्यूस्ड बाय रिक रूबिन' असं छापलंय, म्हणजे या माणसाने आटवलं! दूध आटवावं तसं.

हे मोठ्या बेसवर वाजवून बघा. आमच्याकडे हळदीच्या रात्री पोरं जी गाणी आणतात त्यात ढोल, संबळ, बेंजो, सिंथ, वर चार माणसांचं ओरडणं, सगळं एकावर एक भरलेलं. चार बेस लावले की नुसता चिखल होतो आणि एप्रिलच्या उकाड्यात ॲम्प तापून बंद पडतो ते वेगळंच. 'रेडिओ' वाजवा. प्रत्येक ठोका सुटा येतो, ठोक्यांच्या मधली शांतता ऐकू येते. नवीन सेटअपच्या टेस्टिंगला मी आजही तोच लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, भो, गाणं कधी सुरू होणार?

रिकामी जागा ठेवली की बोलणाऱ्याचा आवाज मोठा होतो. पब्लिक एनिमीने पुढे ती जागा गोंगाटाने भरली तीसुद्धा ती आधी रिकामी झाली होती म्हणून. आणि त्या जागेत उभं राहून नुसत्या स्वतःच्या फुशारकीवर अख्खा अल्बम पेलायचा तर तसा पोरगा लागतो. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून एकमेकींच्या सासरचं काढतात ना, त्या ताकदीची फुशारकी आहे ती. ढोल नाही, ताशा नाही, नुसतं तोंड.

दुसरं, तो टिकला. १९८७ साली 'आय नीड लव्ह' हे रॅपमधलं प्रेमगीत करून त्याने बायकापोरींना या संगीताकडे वळवलं. १९८९च्या अल्बमनंतर लोकांनी त्याला संपला म्हणून हिणवलं. तेव्हा आजीने सांगितलं, जा आणि लोळव त्यांना. त्यातून १९९०चा 'मामा सेड नॉक यू आउट' आला. मालक बदलले, रूबिन १९८८ मध्येच निघून गेला, हा मात्र २००८पर्यंत याच लेबलवर होता आणि २०२४ साली नवा अल्बम घेऊन परत तिथेच आला. मधे बाकीचे किती आले आणि गेले.

बीस्टी बॉइज यातलेच. 'लायसन्स्ड टू इल' हा बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत १ नंबरवर गेलेला पहिला रॅप अल्बम, १९८७ साली. लेबलला नाव आणि पैसा त्यांनी दिला. मग पैशावरूनच वाजलं आणि ते कॅपिटल या दुसऱ्या कंपनीकडे गेले. एका अल्बमचा संसार. माझ्या हिशोबात ते पाचवे.

आता तुमचे पब्लिक एनिमी. चक डी ग्राफिक डिझाइन शिकलेला, लाँग आयलंडच्या कॉलेज रेडिओवरचा माणूस. रूबिन त्याला सारखे फोन करायचा आणि हा टाळायचा. १९८८चा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स' मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा त्यात नवीन काहीतरी सापडलं. बॉम्ब स्क्वॉड या त्यांच्या निर्मात्यांच्या टोळीने सायरन, भाषणं, जुन्या रेकॉर्डींचे तुकडे असे एकावर एक रचलेत की गोंगाटच वाद्य झालंय. (चिखलाबद्दल मी वर जे बोललो ते इथे मला मागे घ्यावं लागतं. यांचा गोंगाट मापून केलेला आहे, आमच्या हळदीसारखा नाही.) 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवलाय. तरी एक गंमत सांगतो. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'फाइट द पॉवर' १९८९ साली सिंगल म्हणून आलं ते मोटाउन या दुसऱ्या कंपनीकडून, डेफ जॅमकडून नाही. पैजेत ही माहिती मित्राच्या हाती लागू देऊ नका.

माझ्या लेखी पब्लिक एनिमी म्हणजे मंडपाची कमान. कमान काढली तर मंडप पडत नाही, पण आत कोणाचं लग्न आहे ते कळत नाही. म्हणून तिसरे.

डीएमएक्सला दुसरा का ठेवतो यावर सगळे भांडतात. नव्वदीच्या सुरुवातीला डेफ जॅमची अवस्था वाईट होती. सीबीएस विकत घेतलेल्या सोनीचं कर्ज डोक्यावर. १९९४ साली पॉलिग्राम या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने निम्मा वाटा घेतला, आणि त्याच वर्षी वॉरन जी या कॅलिफोर्नियाच्या पोराच्या अल्बमने श्वास दिला. न्यू यॉर्कच्या लेबलला वाचवलं पश्चिम किनाऱ्याने. त्याचं मुख्य गाणं 'रेग्युलेट' तर आधी डेथ रो या प्रतिस्पर्धी लेबलच्या साउंडट्रॅकवर येऊन गेलेलं! पण लेबल तेव्हा नुसतं जगलं, हिंडू-फिरू लागलं ते १९९८ साली.

डीएमएक्स हा न्यू यॉर्कजवळच्या याँकर्सचा. आधी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने घेऊन सोडून दिलेला. डेफ जॅमचे लोक ऐकायला गेले तेव्हा मारहाणीत त्याचा जबडा मोडला होता आणि दात तारेने बांधलेले होते. त्या बांधलेल्या तोंडानेच त्याने रॅप म्हणून दाखवलं. त्या काळात न्यू यॉर्कचं रॅप म्हणजे चकचकीत सूट, शॅम्पेन आणि जुन्या हिट गाण्यांच्या चाली. त्यात हा उघड्या अंगाने आला, कुत्र्यासारखा भुंकत, आणि अल्बममध्ये मधेच थांबून देवाची प्रार्थना करत. मे १९९८ मध्ये पहिला अल्बम १ नंबरवर. डिसेंबरमध्ये दुसरा, तोही १ नंबरवर. त्याचे पहिले पाचही अल्बम आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर गेले, असं त्याच्याआधी कोणाचंच झालं नव्हतं. १९९९ साली रसेलने आपला उरलेला हिस्सा युनिव्हर्सल या संगीत कंपनीला विकला. त्याला जो भाव आला त्यात १९९८च्या त्या वर्षाचा मोठा हात आहे.

साउंडवाल्याला आवडेल अशी एक गोष्ट. डीएमएक्स हे नाव त्याने ओबरहाइम कंपनीच्या ड्रम मशीनवरून घेतलं. म्हणजे ज्या जातीच्या मशीनवर ऐंशीच्या दशकातलं रॅप उभं राहिलं, तिचंच नाव लावणारा माणूस पुढे त्या लेबलला वर काढतो.

आमच्या दुकानात तो लावला की वडील हमखास विचारायचे, "हाऊ मानूस कुत्राना मायक काब्र भुकी ऱ्हायना?" (हा माणूस कुत्र्यासारखा का भुंकतोय?) एकदा त्याची प्रार्थना लागली, नुसतं बोलणं, खाली ठोका नाही. इंग्रजीचा एक शब्द न कळता म्हातारा हातातलं वायरचं बंडल ठेवून संपेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, हाऊ देवले सांगी ऱ्हायना ना? एप्रिल २०२१ मध्ये तो गेला तेव्हा घरात बातमी मी त्यांनाच पहिली दिली.

राहिला जे-झी. त्याला कमी लेखत नाही. सप्टेंबर १९९८चा 'हार्ड नॉक लाइफ' पाच आठवडे १ नंबरवर होता, आणि वरच्या हिशोबात डीएमएक्सइतकंच तेही धरायला हवं, हे तुमचा मित्र म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. पण जे-झी डेफ जॅममध्ये घडला नाही. १९९५ साली त्याने दोन भागीदारांबरोबर रॉक-ए-फेला ही स्वतःची कंपनी काढली, पहिला अल्बम दुसरीकडून वाटला, आणि १९९७ साली डेफ जॅमने त्याच्या कंपनीत निम्मी भागी घेतली. आमच्या भाषेत, तो आपला मंडप, आपली माणसं घेऊन आलेला ठेकेदार. रॅपर कान्ये वेस्टही त्याच्याच मंडपातून आला.

मित्राची बाजू मजबूत होते ती २००४च्या शेवटी, जे-झी डेफ जॅमचा अध्यक्ष झाल्यावर. २००५च्या सुरुवातीला बार्बाडोसची एक किशोरवयीन पोरगी ऑफिसात गाऊन दाखवायला आली आणि त्याच रात्री करार करूनच तिला सोडलं. ती रिहाना. पण हे काम साहेबाचं झालं, कलाकाराचं नाही, आणि तुमचा प्रश्न कलाकाराचा आहे. मित्राने रिहानाचं नाव काढलं तर त्याला एवढंच विचारा, की मग पैज रॅपरवर लागली होती की मॅनेजरवर?

दिन्याला परवा फोनवर हे सगळं ऐकवलं. तो आता शिरपूरला असतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि स्लिक रिक?" इतकी वर्षं हरतोय, पण माणूस सोडत नाही. त्याचंही अगदीच चुकत नाही. १९८८च्या त्या एका अल्बममध्ये स्लिक रिकने रॅपला गोष्ट सांगायला शिकवलं, एकटाच तीन-तीन पात्रांचे आवाज काढून. पण तो वेगळा प्रश्न आहे, तुम्ही विचारलात तर लिहीन. आज मारवडला हळद आहे, गाडी भरायचीय.