माजी सैनिक भवनाची दुरुस्ती: नव्या सचिवासाठी

सचिवपद मिळाल्याबरोबर तू कॉन्ट्रॅक्टर बोलावलास, उत्साह आवडला. पण आधी छपरावर चढ. मंगलोरी कौलं बदलणं सोपं. खाली वासे-रिपा वाळवीने पोखरल्यात का, हे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ. पहिला पैसा तिथे. फरशी, रंग, फॉल्स सीलिंग नंतर.

भिंती जुन्या चुन्यातल्या आहेत. त्यांना सिमेंटचा गिलावा देऊ नकोस, कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणालं तरी. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटने ती आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोध, वेळ लागला तरी चालेल.

दाराच्या तीन पायऱ्या हा माझा जुना सल आहे. जयपूर फूट लावलेला आपला माणूस आधारासाठी चौकट धरतो, हे मला बघवत नाही. उतार कर: एक फूट उंचीला बारा फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडा. शौचालयालाही तसाच उतार नि कठडा, दार बाहेर उघडणारं.

शहिदांचा फलक उतरवण्याआधी त्याचे फोटो काढ आणि प्रत्येक नाव वीरपत्नींना, घरच्यांना दाखवून तपासून घे. आपल्या साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धातल्या ४६ जवानांची आठवण आजवर जपलीय. फलक कुठे लावायचा, ते त्या घरांना विचार, आर्किटेक्टला नव्हे. आणि वर्गणीचा हिशेब दर महिन्याला दारावर चिकटव.