आरोग्य-शंका : कर्करोगाची तपासणी आणि तिच्यानंतरचे

प्रश्न : मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाच्या तपासणीचा संच घरी आला होता. मी पाठवलेला नमुना ‘तपासणीस अयोग्य’ म्हणून परत आला. काय चुकले असेल?

उत्तर : बहुधा तीनांपैकी एक गोष्ट : शौच संडासातल्या पाण्यात पडले, काडीला गरजेपेक्षा जास्त लागले, किंवा नळीवर तारीख लिहायची राहिली. तारखेवाचून बाद होणारे नमुने थोडेथोडके नसतात.

या तपासणीला ‘फिट’ म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे मानवी रक्त ती शोधते, त्यामुळे आधी मांसाहार बंद करावा लागत नाही. नेदरलँड्ससारखे देश ५५ ते ७५ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी हा संच टपालाने पाठवतात.

आधी लघवी उरकून घ्या. मग शौच कोरड्या, स्वच्छ भांड्यात किंवा पसरलेल्या कागदावर घ्या. झाकणाला जोडलेली काडी शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवा. काडीवरच्या खाचा भरल्या की पुरे. बऱ्याच संचांत त्या खाचांत जेमतेम १० मिलिग्रॅम मावते आणि नळीतला द्रव तेवढ्याच मापाने भरलेला असतो. गोळा कोंबला तर आकडा चुकतो. काडी आत घालून झाकण घट्ट बसवा, पुन्हा उघडू नका. तारीख लिहून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवा. ठेवावेच लागले तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. उन्हात राहिलेल्या नळीतले हिमोग्लोबिन विघटते आणि रक्त असूनही निकाल ‘नाही’ येतो. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट, जी पत्रात कोणीच विचारत नाही. निकाल ‘रक्त आढळले’ असा आला की अनेकजण ‘मूळव्याधच असेल’ म्हणून तीच तपासणी पुन्हा करतात. ती ‘नाही’ आली की सुटल्यासारखे वाटते. पण आतड्यातली गाठ रोज रक्तस्राव करत नाही, त्यामुळे दुसरा निकाल पहिल्याला खोडत नाही. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहणे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ती १० महिन्यांपेक्षा जास्त लांबवलेल्यांत कर्करोग आणि तोही पुढच्या टप्प्यातला, जास्त आढळला. राष्ट्रीय कार्यक्रम फसतात ते बहुतेकदा इथेच. संच लाखांनी वाटणे सोपे. ज्याचा निकाल वाईट आला त्याला फोन करून दुर्बिणीच्या टेबलापर्यंत आणणारे माणूस नेमणे कठीण.

प्रश्न : मग सरकार वर्षातून एकदा सगळ्यांच्या सगळ्याच तपासण्या का करत नाही?

उत्तर : दक्षिण कोरियात १९९९पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी आहे. थायरॉईड तिच्यात नव्हते, पण रुग्णालये थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करू लागली. २०११मध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान १९९३च्या १५ पट झाले होते. मृत्यूंचे प्रमाण मात्र जागचे हलले नाही. म्हणजे एरवी कधीच त्रास न देणाऱ्या गाठी सापडल्या आणि त्यापायी अनेकांची ग्रंथी काढली गेली. मग गोळ्या जन्मभर, काहींचा आवाजही गेला. जी तपासणी मृत्यू कमी करते तीच राष्ट्रीय यादीत असावी, एवढाच निकष.

प्रश्न : मुलीने एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, लस घेतली आहे. पुढे गर्भाशयमुखाची तपासणी लागेल का?

उत्तर : हो. लस विषाणूच्या सर्व प्रकारांवर चालत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचे २०३०साठीचे लक्ष्य तीन आकड्यांचे आहे : १५व्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना लस, ३५व्या आणि ४५व्या वर्षापर्यंत ७० टक्के स्त्रियांची तपासणी, दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार. ऑस्ट्रेलियाने २००७मध्ये लसीकरण सुरू केले, तरी तिथे दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणी होते. नमुना स्वतः घेण्याची सोयही २०२२पासून सर्वांना आहे.

प्रश्न : उपचार संपले. आता कोणती कागदपत्रे जपावीत? आणि गृहकर्ज घेताना जुना कर्करोग सांगावा लागतो का?

उत्तर : डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. डॉक्टरांकडून उपचारांचा लेखी सारांश मागा. त्यात बायोप्सीचा निष्कर्ष, टप्पा, शस्त्रक्रियेची तारीख, प्रत्येक किमो औषधाची एकूण मात्रा, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती ग्रे (रेडिएशनचे माप) दिले, हे हवे. डॉक्सोरुबिसिन या किमो औषधाची एकूण मात्रा वाढत जाते तसा हृदयाचा धोका वाढतो आणि तो कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. पुढच्या डॉक्टरला आकडा ठाऊक नसेल तर धाप लागल्यावर तो छातीचे औषध देत बसेल. तरुणपणी छातीवर रेडिएशन झालेल्या स्त्रियांनी स्तनांची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करायची असते. केव्हा, तेही सारांशात लिहून घ्या.

कर्जाचा प्रश्नही याच पत्रात आहे. फ्रान्समध्ये २०२२च्या कायद्याने, उपचार संपून पाच वर्षे झाली आणि रोग उलटला नाही, तर गृहकर्जाच्या विम्यासाठी जुना कर्करोग सांगावा लागत नाही. असा नियम नसेल तिथे विचारलेली माहिती लपवू नका. विमा कंपनी त्याच मुद्द्यावर दावा नाकारते.