माझ्या पाठीमागे पेन्शन कुणाला?

"आत्या, तुझ्या पाठीमागं पेन्शन वाया जाईल, माझं नाव घाल की," असे भाच्याने दिवाळीत म्हटले आणि तेव्हापासून निपाणीच्या त्या बाईंची झोप उडाली. बाई चौसष्ट वर्षांच्या, अविवाहित, पोस्ट खात्यातून निवृत्त झालेल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून पीपीओ (पेन्शन देण्याचा सरकारी आदेश), पासबुक आणि एक जुना नामनिर्देशनाचा फॉर्म काढला. फॉर्मवर आईचे नाव होते आणि आई जाऊन बारा वर्षे झाली होती. बोलताना त्यांचे बोट पुन्हा पुन्हा त्या नावावर जात होते.

एकट्या राहिलेल्या माणसांचा हा प्रश्न पैशापुरता नसतो, असा माझा अनुभव आहे; इतकी वर्षे राबलो त्याचे पुढे कुणाला काही मिळणार की नाही, ही टोचणी त्यामागे असते. म्हणून आधी मी त्यांना मोकळेपणाने बोलू दिले आणि मग नियम सांगितला. पेन्शन ही घर किंवा शेतासारखी मालमत्ता नाही, ती मृत्युपत्रात लिहूनही कुणाला देता येत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन कुणाला मिळेल हे 2021 चे निवृत्तिवेतन नियम ठरवतात : जोडीदार, मुले, अवलंबून असलेले आई-वडील आणि त्यानंतर अवलंबून असलेली दिव्यांग भावंडे. भाचा त्यात बसत नाही. जुन्या फॉर्मवर ज्याचे नाव असते, त्याला मृत्यूपर्यंतची राहिलेली थकबाकी तेवढी मिळते.

बाईंचा चेहरा उतरला. मी सहज विचारले, "घरी कोण असतं?"

"मी आणि बाळू."

बाळू त्यांचा धाकटा भाऊ, वय सत्तावन्न, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. आई गेल्यापासून त्याचे जेवणखाण, गोळ्या आणि आंघोळ सगळे बाईच बघतात. "त्याला काय कळतंय," म्हणून त्याचे नाव त्यांच्या मनातही आले नव्हते. मी त्यांना तिथेच थांबवले, कारण नियमात बसणारे माणूस त्यांच्या घरातच होते. शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के, किमान 9,000 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, अशी रक्कम बाळूला मिळू शकते. मात्र तो अवलंबून आहे आणि स्वतःची उपजीविका करू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते.

खरी दगदग कागदांची होती. कन्नड रेशनकार्डावर 'बाळू' आणि मराठी शाळेच्या दाखल्यावर 'बाळकृष्ण', हा घोळ आपल्या सीमाभागात घरोघरी सापडतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही घ्यायचे होते. ही कामे बाईंच्या हयातीतच व्हावीत आणि बाळूचे नाव पीपीओवर आधीच नोंदले जावे, असा माझा आग्रह होता, कारण त्यांच्या पश्चात बाळू कचेरीच्या खेपा घालू शकणार नाही.

पैसे बाळूच्या वतीने घेऊन त्याच्यावरच खर्च करणारा पालक कोण, हा पुढचा प्रश्न आला आणि तिथे भाच्याचे नाव निघाले. मी त्यालाही बोलावले. तो लोभी मुलगा नव्हता; आत्याच्या पश्चात काकांचे काय, ही काळजी त्यालाही होती, फक्त त्याला ती नीट मांडता आली नव्हती.

घर आणि मुदतठेव यांचे मृत्युपत्र वेगळे करावे लागेल, हेही मी सांगितले. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. ते नसेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, आई-वडील हयात नसताना, अविवाहित स्त्रीची मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे म्हणजे भावंडांकडे जाते आणि बँकेत नामनिर्देशन केले म्हणून नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही.

पुढच्या गुरुवारी तिघे मिळून आले. बाळूने फोटोसाठी घातलेल्या शर्टाचे वरचे बटण बाईंनी लावून दिले आणि फॉर्मवर त्याचे पूर्ण नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले.