वर्षाला पाच सेंटीमीटर सरकून खंड समुद्र, पाऊस आणि प्राणी कसे बदलतात?

तुमचा प्रश्न असा: भारत आफ्रिका-अंटार्क्टिकापासून सुटून आला म्हणतात, पण वेग तर नखं वाढतात तेवढाच. एवढ्याशा सरकण्याने समुद्र, हवामान, प्राणी कसे बदलतील, आणि हे कळलं कशावरून?

कशावरून कळलं ते आधी सांगतो. ते पटलं नाही तर बाकीचं सगळं गोष्टीसारखं वाटेल.

लाव्हा थिजताना त्यातले मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी जास्त झुकते. हिशेब सोपा आहे: झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट घ्या, निम्मा करा, तो ज्या कोनाचा टॅन्जंट असेल तो अक्षांश. आज १९ अंश उत्तरेला लाव्हा थिजला तर कोन सरासरी ३५ अंशांच्या आसपास यायला हवा. सह्याद्रीच्या काळ्या फत्तरात, म्हणजे अशाच थिजलेल्या लाव्ह्यात, तो ४८ अंशांच्या आसपास मिळतो. ४८ चा टॅन्जंट १.११, त्याचा निम्मा ०.५५५, म्हणजे अक्षांश २९, आणि तोही दक्षिणेचा. हे फत्तर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. २९ दक्षिण ते १९ उत्तर म्हणजे ४८ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सुमारे ५३०० किलोमीटर. भागाकार केला की वर्षाला सरासरी ८ सेंटीमीटर येतात. मधल्या काळात हा वेग १५ सेंटीमीटरच्याही वर गेला होता. आशियाला धडकल्यावर तो मंदावला.

मोजणी करताना चुका होतात, त्याही ठरावीक ठिकाणी. ड्रिलने अडीच सेंटीमीटर जाडीची कांडी काढतात. ती दगडातून सुटण्याआधीच तिच्यावर दिशेची खूण करावी लागते, आणि ही दिशा साध्या होकायंत्राने घेतली तर फसगत होऊ शकते, कारण फत्तर स्वतःच सुई ओढतो. म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा घेतात. डोंगरमाथ्यावरचा दगड शक्यतो टाळतात, कारण तिथे वीज पडून जुनं चुंबकत्व पुसलेलं असू शकतं. प्रयोगशाळेत कांडी टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चिकटलेलं चुंबकत्व आधी घालवतात, मग मूळचं मोजतात. शिवाय एकाच थरावरून अक्षांश काढायचा नसतो. चुंबकीय ध्रुव शतकानुशतकं थोडाफार भटकत असतो, त्यामुळे बऱ्याच थरांची सरासरी लागते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या फत्तराची अशी मोजणी १९५६ मध्येच छापली होती, तेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूवैज्ञानिक मानतही नव्हते.

या पद्धतीने रेखांश मात्र कळत नाही. तो समुद्रतळ सांगतो. मध्यसागरी डोंगररांगेच्या फटीतून नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटंसुलटं होत असल्याने त्यावर चुंबकीय पट्टे उमटतात. व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हे मांडलं, ते अरबी समुद्राच्या दक्षिणेकडच्या कार्ल्सबर्ग रांगेवरच्या मोजणीवरून. म्हणजे हा पुरावा आपल्याच समुद्रातला आहे.

आता समुद्राकडे वळू. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. मग दख्खनचा लाव्हा ओतला गेला, आणि त्यानंतर थोड्याच काळात, ६ कोटी ३० लाख वर्षांच्या आसपास, सेशेल्सचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला. त्या फटीत आजचा अरबी समुद्र वाढला. सेशेल्सच्या माहे बेटावरचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे. भर महासागरात एवढा जुना ग्रॅनाइट सापडणं म्हणजे तो खंडाचाच तुटलेला लचका.

नवा तळ गरम आणि फुगलेला असतो, थंड होईल तसा आकसून खाली बसतो. याचं गणित ठरलेलं आहे: खोली किलोमीटरमध्ये साधारण २.५ अधिक ०.३५ गुणिले वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष वर्षांत. २५ दशलक्ष वर्षांचा तळ सव्वाचार किलोमीटर खोल, ६४ दशलक्ष वर्षांचा सव्वापाचच्या पुढे. (वर गाळाचा जाड थर असेल तर हे जुळत नाही.) ज्या काळात खंड भराभर फाटतात त्या काळात असा कोवळा, उंच तळ जास्त असतो, आणि मावेनासं झालेलं पाणी खंडांवर चढतं. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघ इथल्या चुनखडकात शिंपले आणि समुद्री साळूंचे जीवाश्म मिळतात ते त्यामुळेच.

एकीकडे हिंदी महासागर वाढत असताना समोरचा, भारत आणि आशियाच्या मधला टेथिस समुद्र मिटत गेला. ५ कोटी वर्षांच्या आसपास भारत आशियाला भिडला आणि तळाचा गाळ घड्या पडून वर आला. गंडकीतला शाळिग्राम, जो आपण तुळशीच्या लग्नात देव म्हणून ठेवतो, तो याच समुद्रातल्या अमोनाइटचा जीवाश्म आहे. त्यावरची चक्रं म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाचे वेढे.

तुमच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. खंड हळूच सरकतो, पण समुद्राची वाट एखाद्या ठिकाणी बंद होते किंवा उघडते, आणि तिथून पुढे प्रवाहांची मांडणीच वेगळी होते. टेथिस मिटल्यावर उष्ण कटिबंधातून पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या पाण्याचा रस्ता तुटला. दक्षिणेत उलट झालं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका सुटल्यावर अंटार्क्टिकाभोवती गोल फिरणाऱ्या प्रवाहाला वाट मिळाली, आणि ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फाचं मोठं आवरण आलं. प्रवाहामुळेच बर्फ आलं असं सर्रास लिहिलं जातं, पण मला ते अपुरं वाटतं. त्याच सुमारास हवेतला कार्बन डायऑक्साइडही घटत होता, आणि तो जास्त राहिला असता तर नुसत्या प्रवाहाने एवढं बर्फ धरलं नसतं.

हा वायू घटवण्यात खंडांचाही हात असतो. पावसाच्या पाण्यात तो विरघळतो, सौम्य आम्ल होतं, ते दगड झिजवतं. दगडातलं कॅल्शियम नदीतून समुद्रात जातं, शिंपल्यांत आणि पुढे चुनखडकात अडकतं, आणि त्याच्याबरोबर कार्बनही. काळा फत्तर यात फार भराभर झिजतो, उष्ण आणि दमट जागी तर जास्तच. लाखो चौरस किलोमीटर ताजा फत्तर पाठीवर घेऊन भारत विषुववृत्ताच्या पावसात शिरला, तो साधारण पृथ्वी थंड होऊ लागली त्याच काळात. किती थंडावा कोणामुळे आला यावर मतभेद आहेत, पण ही क्रिया खरी आहे आणि आजही चालू आहे. घाटात रस्त्यासाठी कापलेली कड पाहा: दोन काळ्या थरांमध्ये वीतभर ते हातभर जाडीचा लालभडक पट्टा दिसतो. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत फत्तराचा वरचा भाग झिजून झालेली ती माती, वरच्या लाव्ह्याने भाजलेली.

पावसाबद्दल शाळेत शिकवतात की तिबेटचं पठार तापतं आणि मान्सून ओढून घेतं. २०१० मध्ये बूस आणि कुआंग या हवामानशास्त्रज्ञांनी संगणकी प्रारूपातून पठार काढून टाकलं आणि हिमालयाची अरुंद भिंत तेवढी ठेवली, तर भारतातला मान्सून जवळपास तसाच राहिला. ही भिंत उत्तरेची कोरडी, थंड हवा अडवते हे जास्त महत्त्वाचं ठरलं. मालदीवजवळच्या समुद्रतळातल्या गाळात मान्सूनच्या वाऱ्यांचा जोर १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी एकदम वाढलेला दिसतो, म्हणजे धडकेनंतर साडेतीन कोटींहून जास्त वर्षांनी. ऋतूनुसार पाऊस त्याआधीही पडत असणार, वाऱ्याची ही ताकद नंतरची. शेवटचं काम सह्याद्रीने केलं. त्याची उभी कड ही खंड फाटलेल्या काठाचीच देणगी, झिजून पूर्वेला सरकलेली. म्हणून महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि घाट उतरून वाईला हजाराच्याही आत.

प्राण्यांच्या बाबतीत एक सोपी गोष्ट प्रचलित आहे: भारत कोट्यवधी वर्षं एकटं बेट होता आणि आपले जुने जीव घेऊन आशियात आला. काही जीवांबाबत ती खरी आहे. केरळात २००३ मध्ये नोंदवलेला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्राकस, वर्षभर जमिनीत राहतो आणि पहिल्या पावसात थोडे दिवस वर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्सच्या बेटांवर आहेत. हजारो किलोमीटर खारं पाणी बेडकाने पार केलं असण्यापेक्षा जमीनच दुभंगली हे मानणं सोपं. पण सुरत जिल्ह्यातल्या वस्तान खाणीतल्या ५ कोटींहून जुन्या अंबरात (झाडाच्या दगड झालेल्या डिंकात) अडकलेले कीटक युरोप-आशियातल्या कीटकांचे नातेवाईक निघाले. पूर्ण एकांतवास असता तर तिथे वेगळेच कीटक मिळाले असते. म्हणजे धडकेच्या आधीच कुठेतरी बेटांच्या रांगेवरून ये-जा सुरू होती.

टेथिसच्या उथळ काठावर तर व्हेल घडले. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटला मिळालेला इंडोहायस हा मांजराएवढा, खूर असलेला प्राणी व्हेलचा जवळचा नातेवाईक, आणि कच्छमध्ये पाय शाबूत असलेल्या सुरुवातीच्या व्हेलचे सांगाडे आहेत. समुद्र मिटत होता, तरी त्याचा काठ उबदार आणि अन्नाने भरलेला होता. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधल्या पनामात याच्या उलट झालं: ३० लाख वर्षांच्या आसपास जमिनीची पट्टी जुळली, उंटाचे नातेवाईक दक्षिणेत जाऊन लामा झाले, आर्माडिलो उत्तरेत आले, आणि समुद्रात एकाच कोळंबीच्या दोन्ही बाजूंना दोन जाती झाल्या.

हे आजही चालू आहे का? हो. भारत वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकतो, आणि त्यातले साधारण २ हिमालयाच्या पायथ्याखाली अडकून साठतात. शंभर वर्षांत २ मीटर होतात. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा असाच साठा काही सेकंदांत सुटला, आणि काठमांडूखालची जमीन दीड-दोन मीटर दक्षिणेकडे आली.